मंडळाने राखलेली देवी

गावाचं नाव मी सांगणार नाही. रेवदंडा ते आगरदांडा या किनाऱ्यावर जी गावं आहेत त्यांतलं ते एक, एवढ्यावर वाचकांनी भागवून घ्यावं. माणसांची नावंही सांगणार नाही. कुणी फिर्याद करील ही भीती नाही. ज्यांची नावं घ्यायची त्यांतल्या बहुतेकांना आपलं नाव छापून आलं तर आनंदच होईल, मग ते कशाबद्दलही असो. कारण वेगळं आहे, ते ओघाने येईलच.

दुसरी लढाई सुरू होण्याआधीची सात-आठ वर्षं मी त्या गावात शाळामास्तर होतो. आतल्या बाजूला भातशेतीवाले, समुद्राच्या अंगाला कोळीवाडा आणि दोहोंच्या मधे माझी शाळा. कोळीवाडा संपतो तिथे, होड्या ओढून ठेवायच्या जागेला लागून, उंडीचं एक जुनं झाड होतं. त्याच्याखाली दगडी जोतं आणि जोत्यावर देवी. देऊळ नाही, छप्पर नाही, दार तर नाहीच. देवी म्हणजे शेंदराचा एक ढीग. पिढ्यान्पिढ्या तेल-शेंदूर चोपडत आल्याने नाक कुठलं, हात किती, काही समजत नव्हतं. वर रुप्याचे दोन डोळे बसवलेले, आणि ते समुद्राकडे लागलेले.

शेंदराचं कवच फार जड झालं की केव्हातरी आपोआप सुटून पडायचं. मग कोळी ते वाजतगाजत होडीतून नेऊन खोल पाण्यात सोडायचे, आणि त्याच दिवशी नवा शेंदूर लावायला सुरुवात करायचे. उघडी देवी कुणी पाहायची नाही असा दंडक होता. कवच पडलं की आधी वर लुगडं टाकायचं आणि त्याच्या आतून, चाचपडत, पहिला हात द्यायचा. हा मान एकाच घराकडे होता. माझ्या वेळेला तो एका विधवा कोळणीकडे होता. सगळा कोळीवाडा तिला बाय म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. तिचे दोन मुलगे होडीवर जात. नवरा समुद्रातच गेलेला. दर मंगळवारी ती तेल-शेंदूर घेऊन यायची आणि मुलांविषयी देवीशी जे काय बोलायचं ते चारचौघांत खणखणीत बोलायची.

"माजी दोन पोरं हिच्या नजरंत हायेत, मास्तर," एकदा ती मला म्हणाली. "हिचे डोले हाललं तर मी कुनाकडं बगू?"

त्या सुमारास आमच्या किनाऱ्यावर जुन्या दगडांना पाय फुटले होते. शेजारच्या गावचा एक वीरगळ नारळाच्या पडावात खाली दडपून मुंबईला गेला आणि तिथल्या कुठल्याशा बंगल्याच्या बागेत उभा राहिला. दुसऱ्या एका देवळातले पितळी मुखवटे भांड्यांच्या मोडीत गेले. ही चोरी खरी होती आणि तिचा संतापही खरा होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यावरून कुणी असं समजू नये की मी चोरांची बाजू घेतो आहे. चोरांनी निदान मंडळ काढलं नव्हतं.

मंडळ आम्ही काढलं. प्राचीन वस्तूंच्या रक्षणासाठी. अध्यक्ष म्हणून गावातले एक पेन्शनीत निघालेले मामलेदार. उभा जन्म हुकूम सोडण्यात गेलेला आणि आता हुकूम ऐकायला घरात बायकोही तयार नाही, अशा अवस्थेत ते होते. त्यांना मंडळ मिळालं आणि माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. मी चिटणीस. मी पंचविशीत होतो, अक्षर वळणदार होतं आणि आपल्याला लिहिता येतं या समजुतीने फुगलेला होतो. बाकीचे सभासद चहाला येत. मंडळात कोळीवाड्यातलं कुणी नव्हतं. ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही, माझ्यासुद्धा नाही.

रक्षण करायचं तर पैसा हवा. मूळचे आमच्याकडचे एक शेठ मुंबईत बरेच वर आले होते. त्यांच्याकडे अध्यक्ष जातीने जाऊन आले. शेठजींनी आपुलकीने विचारपूस केली, म्हणे, आणि एकच शंका काढली. पैसे देतो, पण कशाला देतो ते दिसू तर द्या. शेंदराच्या गोळ्यासाठी मी माझ्या मित्रांपुढे पदर पसरू काय? खाली काही कोरीव काम असेल तर त्याचा फोटो पाठवा, मग बोलू.

अध्यक्ष परत आले ते ठरवूनच आले. सभेत त्यांनी सांगितलं की वस्तू दिसल्याशिवाय निधी नाही आणि निधीशिवाय रक्षण नाही, तेव्हा शेंदूर काढणं हेच रक्षणाचं पहिलं पाऊल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वर इतिवृत्तात हे वाक्य मी शाईने अधोरेखित केलं, कारण ते मला फार मुद्देसूद वाटलं.

बायला कळलं तेव्हा ती शाळेत आली. दाराबाहेरच उभी राहिली, मासळीची पाटी खाली ठेवली.

"मास्तर, तुमी शिकलेले हाव म्हनून सांगतंय. तिला उगरी करू नका."

"अहो बाय, तिच्या भल्यासाठीच चाललंय. चोर नेतील ना."

"शेंदराचा गोला कोन नेतंय? आजपावत कुनी नेला? शेंदूर हाय तवर ती आमची हाय. उगरी केलीत का ती सगल्यांची झाली."

मी तिला पुरातन शिल्पकला, इतिहास, राष्ट्राचा ठेवा असं बरंच काही समजावून सांगितलं. माझं झाल्यावर तिने पाटी उचलली आणि गेली. तिला पटलं असं मी समजलो. माझी अक्कल त्या दिवसांत अशी चालत असे.

कोळीवाड्यातला एकही माणूस या कामाला हात लावीना, म्हणून आतल्या गावांतून चार मजूर आणले. गरम पाणी, काथ्या आणि बोथट सुऱ्या. दोन दिवस खरवडणं चाललं. अध्यक्ष छत्री उघडून खुर्चीवर बसले होते आणि "हळू, हळू" म्हणत होते. बाय समोर वाळूत बसून होती. शेंदराची जी ढेपळं निघत ती तेवढी गोळा करून पाटीत घालत होती. ती सगळी तिच्या मुलांनी संध्याकाळी होडीतून नेऊन सोडली. वाजतगाजत नाही.

देवी निघाली. खोटं कशाला बोलू, तसं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. काळा दगड, तेल पिऊन पिऊन तुकतुकीत झालेला. चार हात. ओठांवर असं हसू की आपण काहीतरी बोललो आणि ते तिला आधीच ठाऊक होतं. आणि पायाखाली, चार बोटं उंचीची, एक होडी. होडीत वल्ही मारणारे पाच जण. कोळ्यांच्या पोरांनी वाळूत काढावी तशीच होडी, शीड तेवढं नव्हतं. बाय उठली, खांद्यावरचं फडकं सोडलं आणि देवीवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी अलिबागहून फोटोग्राफर आला. अध्यक्षांनी एका मजुराला फडकं काढायला लावलं. बाजूला मंडळी ओळीने उभी राहिली. अध्यक्ष मध्ये, हात देवीच्या खांद्यावर, शिकार मारल्यासारखा. फोटोग्राफर मात्र आपलं काळं फडकं डोक्यावरून घेऊन आत शिरला. त्या दिवशी तिथे झाकून घ्यायची परवानगी त्याला एकट्याला होती.

मग निधीसाठी पत्रक निघालं. ते लिहिलं मी. आठ पानी, वर फोटो, अलिबागच्या छापखान्यात छापलेलं. त्यासाठी मी तीन रविवार खर्ची घातले. दाते मंडळींच्या काळजाला हात घालायचा म्हणून धोका किती मोठा आहे ते मी जीव ओतून रंगवलं. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते बायकोला तीनदा वाचून दाखवलं. "ही अमोल मूर्ती उंचीने जेमतेम दोन हात असून दोन माणसांना सहज उचलता येईल अशी आहे, तिला भिंत नाही, दार नाही, कुलूप नाही, आणि होड्या समुद्रावर गेल्या की दिवसभर तिच्यापाशी चिटपाखरूही नसते." शेवटी अध्यक्षांनी आपल्या मनचं एक वाक्य घातलं, की निधी पुरेसा जमल्यास मूर्ती सुरक्षित स्थळी हलवण्याचा मंडळाचा मानस आहे.

पत्रक मुंबईत वाटलं गेलं. पैसे आले, अपेक्षेपेक्षा जास्त आले. त्यांतून झालेलं रक्षण असं. एक, मोठा तक्ता रंगवून घेतला, मराठीत आणि इंग्रजीत, की या मूर्तीस हात लावू नये. कोळीवाड्यात वाचता येणारी माणसं तीन होती आणि त्यांना मीच शिकवलं होतं. दुसरं, सभांसाठी सतरंजी, लोड आणि चहाचे पेले. तिसरं, एक राखणदार. अध्यक्षांच्या माळ्याचा हा मेव्हणा. त्याला खाकी कोट आणि पितळी बिल्ला दिला. तो सकाळी उंडीच्या सावलीत येऊन बसे, दुपारी तिथेच आडवा होई.

त्याला काम काय, तर शिल्पास इजा पोचू नये. आणि इजा कोण पोचवणार, तर तेल-शेंदूर. म्हणजे बाय. पुढचे सहा महिने दर मंगळवारी ती वाटी घेऊन यायची आणि बिल्ला तिला आडवा यायचा. एवढ्या काळात त्या राखणदाराने एकाच माणसाला अडवलं, आणि ती ही म्हातारी. मग ती लांबूनच, तक्त्याच्या अलीकडे उभं राहून, मुलांची नावं घ्यायची. पूर्वीसारखं खणखणीत नाही.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या पुन्हा समुद्रावर जाऊ लागल्या होत्या. एका दुपारी शाळेत दोन गृहस्थ आले. लांब कोट, टोप्या, एकाच्या डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांचा मचवा धक्क्याला लागला होता. हातात आमचं पत्रक. शेठजींकडून आलो, म्हणाले. निधी पुरा झाला, मूर्ती सुरक्षित स्थळी न्यायची आहे, तुमच्या अध्यक्षांशी मुंबईत बोलणं झालं आहे. अध्यक्ष तेव्हा खरोखरच मुंबईला गेले होते. मी काही विचारणार एवढ्यात चष्मेवाल्याने पत्रक उघडलं आणि विचारलं, "हे लिहिलंय कुणी? तिला भिंत नाही, दार नाही, कुलूप नाही! काय ओघ आहे हो भाषेला."

मी म्हटलं, मीच.

त्याने माझा हात हातात घेतला. असं लिहिणारा माणूस आडगावात पडून राहिला, महाराष्ट्राचं दुर्दैव, असं काहीतरी तो म्हणाला. पोरांना पाढे म्हणायला सांगून मी त्या दोघांबरोबर स्वतः देवीपर्यंत चालत गेलो. वाटेत माझ्या पुढच्या लेखनाविषयी बोललो. होड्या समुद्रावर होत्या, बाया बाजाराला गेल्या होत्या. चिटपाखरूही नव्हतं. मी लिहिलं होतं तसं.

दोन माणसांना मूर्ती सहज उचलता आली नाही. तेवढी माझी चूक निघाली. तिसरा हात राखणदाराने दिला. तक्त्याखालून उठून, बिल्ला सावरून, मोठ्या अदबीने त्याने पायथा धरला आणि तिला गोणपाटात गुंडाळायला मदत केली. मी कायद्याचा माणूस. मी त्यांच्याकडून पावती लिहून घेतली. मूर्ती एक, काळा दगड, सुस्थितीत पोचली. त्यांनी सही केली. ती सही कुणाची ते पुढे पोलिसांना लागलं नाही आणि मलाही लागलेलं नाही.

बाय दिवस कलताना बाजाराहून आली. मी तिथेच होतो, पावती खिशात. मी तिला सांगितलं की देवी सुरक्षित ठिकाणी गेली. तिने रिकाम्या जोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रिकामी पाटी डोक्यावरून काढायची तिला आठवण राहिली नाही. इतक्यात होड्या लागल्या. तिचा थोरला पाण्यातून चालत आला आणि सांगू लागला की बाहेर मुंबईचा एक मचवा भेटला, त्यात गोणपाटात काहीतरी उभं बांधलेलं होतं, माणसांनी आम्हाला हात केला, आम्हीही केला.

"व्हय," बाय म्हणाली. "ती जाताना तुमाला बगून गेली."

त्या क्षणी मला सगळं उमगलं. मला इतकी लाज वाटली की मी तिथून पळालो, अक्षरशः धावत. वाटेत चप्पल तुटली ती तिथेच टाकली.

अध्यक्ष परत आले तेव्हा त्यांनी प्रथम हात वर केले, मग सभा बोलावली. त्यांचं बोलणं कुणाशीच झालं नव्हतं आणि शेठजींनी कुणालाही पाठवलं नव्हतं. मला वाटलं, आता मला चपराक बसेल. मी तयार होतो. पण नाही. चोरीने अध्यक्षांचं तेज आणखीच वाढलं. "आम्ही सांगत होतो तोच धोका खरा ठरला," असं त्यांनी नव्या पत्रकासाठी मला लिहायला सांगितलं. मी नकार दिला. चिटणीस बदलला. नव्या चिटणीसाचं अक्षर बरं नव्हतं, पण पहिल्या खेपेपेक्षा दुप्पट पैसा आला. हरवलेल्या वस्तूसाठी माणसं राखलेल्या वस्तूपेक्षा सढळ हाताने देतात, हे मंडळाला समजलं. मला वाटतं, त्या सबंध खटाटोपातून त्यांना झालेलं ज्ञान तेवढंच.

त्या पैशातून जोत्यावर घडीव दगडाचा मंडप उठला. तीन बाजूंनी लोखंडी गज, पुढे दार, दाराला परदेशी कुलूप. आत काही नाही. मागच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आणि तिच्यावर देणगीदारांची नावं, मानाप्रमाणे. उद्घाटनाला तालुक्याचे एक मोठे अधिकारी आले, फोटो निघाला. किल्ली अध्यक्षांकडे. आमच्या किनाऱ्यावर इतक्या कडेकोट बंदोबस्तात ठेवलेली दुसरी वस्तू नव्हती, आणि ती वस्तू म्हणजे देणाऱ्यांची नावं.

मी बदली मागितली. वर्ष-दीड वर्षाने ती आली. निघण्याआधी एकदा बायच्या घरी गेलो. काय म्हणायचं ते ठरवून गेलो होतो, पण तिच्या ओट्यावर बसलो आणि ते सगळं विसरलो. मी रडलो. ती सुके बोंबील निवडत होती, ते तिने थांबवलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते तिला कळलं असावं, म्हणूनच तिने दिल्या नाहीत.

मग ती उठली आणि म्हणाली, "चला."

कुठे ते लिहीत नाही. एका झाडाखाली, किनाऱ्यावर मिळतो तसला एक ओबडधोबड धोंडा होता. शेंदूर अजून पातळ होता, खालचा दगड जागोजाग दिसत होता. वरच्या बाजूला मात्र एक जुनं, जाड, काळपट लाल ढेपूळ चिकटवलेलं होतं. खरवडण्याच्या दिवशी तिने सगळीच ढेपळं पाण्यात सोडली नव्हती. हे तिने पदराखाली ठेवलं होतं. तिने ते अलगद सोडवलं आणि उलटं करून माझ्यापुढे धरलं. आतल्या बाजूला, जिथे ते इतकी वर्षं दगडाला बिलगून होतं, तिथे नाकाचा आणि ओठांचा ठसा होता. तेच हसू, आत गेलेलं.

तिने ते परत जागच्या जागी दाबलं आणि वरून तेलाचा हात फिरवला. डोळे समुद्राकडे होते. या खेपेला रुप्याचे नव्हते, शिंपल्यांचे होते.

माझी नजर आपोआप धोंड्याची उंची मापत होती. दीड हात, फार तर. एका माणसाला उचलता येईल. सवय जाता जात नाही. बायने ते पाहिलं. तिने शेंदराचा हात पुसला आणि पहिल्यांदाच माझ्याशी गयावया केल्यासारखी बोलली.

"मास्तर, हिच्यावर काय लिवू नका."

मी कबूल केलं. इतकी वर्षं पाळलंही. आज हे एवढं लिहिलं आहे, पण गाव सांगितलेलं नाही, झाड कसलं ते सांगितलेलं नाही आणि जे सांगितलं आहे त्यातलंही काही मुद्दाम चुकीचं लिहिलं आहे. शोधायला निघालात तर मंडप तेवढा सापडेल. कुलूप अजून शाबूत आहे, असं ऐकतो.